ट्रस्टचं ताक

खुद्द कायद्याला घाम फुटावा इतका कायदा पाळणारा माणूस अख्ख्या मद्रासेत एकच होता आणि तो नेमका आमच्या पंपांच्या कारखान्यात कायद्याचं काम बघायला बसला होता. मी पुण्याहून आलेला टायपिस्ट. मला टेबल मिळालं ते त्यांच्याच शेजारी, हे माझं थोर भाग्य. ते तंजावरकडचे मराठी. सगळे त्यांना ‘राव सार’ म्हणत. ऑफिसच्या पेनने त्यांनी घरचं पत्र कधी लिहिलं नाही. घरून येणारा फोनही दोन वाक्यांत संपवत.

मद्रासबाहेर गुम्मिडिपूंडीला आमच्या कारखान्याच्या फाटकासमोर बसथांबा होता आणि सावलीला एक झाड नव्हतं. एका मे महिन्यात मालकांना दानधर्माची उबळ आली. थांब्यावर मांडव घालायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला ताक पाजायचं, वर स्वतःचा हसरा फोटो लावायचा आणि दही मेहुण्याच्या डेअरीतून घ्यायचं, असा तो निःस्वार्थ बेत होता. राव सारनी कंपनी कशासाठी काढली तो मूळ कागद उघडला.

“कंपनी पंप करायला अहे. ताक कोठें लिहिलं अहे, दाखवा.”

मग वेगळा ट्रस्ट करायचं ठरलं. तिथेही राव सारचं म्हणणं, फोटो लावला तर ती जाहिरात, मेहुण्याचं दही घेतलं तर घरचाच फायदा. शिवाय ट्रस्ट जनतेसाठी, म्हणून कंपनीच्या नोकरांना ताक नाही. एवढे कागद होईपर्यंत उन्हाळा संपला. तहानलेल्यांनी कायद्याचा मान राखून कळ काढली.

त्याच उन्हाळ्यात थांब्यावर एक म्हातारी भोवळ येऊन पडली. मी चिडून म्हणालो, “पाजा आता तिला तुमचा कायदा!” राव सार स्वतःचा थर्मास घेऊन धावले, तिचं डोकं मांडीवर घेऊन तिला घोटघोट पाणी पाजलं. परत आल्यावर म्हणाले, “तें माझ्या घरचं पाणी हो. कंपनीचं नव्हे.” दुसऱ्या दिवसापासून ते दोन थर्मास आणू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मांडव उभा राहिला, फोटोशिवाय आणि मेहुण्याशिवाय. आम्ही नोकर गुपचूप जाऊन पेलाभर ताक मारून येत असू. राव सार मात्र निवृत्तीपर्यंत दरवर्षी कोरड्या घशाने मांडवासमोरून जात.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात ते भर दुपारी बसने आले आणि रांगेत उभे राहिले. मी धावत जाऊन म्हणालो, “राव सार, पुढे या ना!”

“रांग अहे. अता मी पब्लिक.”

ताक प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “मीठ कमी अहे.” इतकं प्रसन्न हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचा उन्हाळा त्यांना मिळाला नाही. आता ताकात मीठ बरोबर असतं म्हणे. ते गेल्यापासून मी काही ते चाखलेलं नाही. माझ्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत.