घरसंसार सांभाळून

गेली तीन वर्षं माझे शनिवार एका डच बाईंच्या स्वयंपाकघरात जातात. बाई कादंबऱ्या लिहितात, कविता लिहितात, वय अठ्ठ्याहत्तर. इंग्लंडमध्ये, साउथहॅम्प्टनला, अर्धाअधिक जन्म गेला, पण इंग्रजीत एक ओळ लिहिलेली नाही. त्यांच्या देशात त्यांना बक्षिसं आहेत. इथे शेजाऱ्यांना त्या चुकीच्या दिवशी कचऱ्याचा बिन बाहेर काढणाऱ्या म्हातारबाई म्हणूनच माहीत आहेत. मी आठवडाभर एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते आणि शनिवारी त्यांच्या कवितांचं मराठी करते. डच मला येत नाही. त्या इंग्रजीत अर्थ सांगतात, मी पेन्सिलीने मराठी लिहिते आणि मोठ्याने वाचते. एक अक्षर कळत नसताना त्या डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच बोट वर करतात. बहुतेक वेळा ती ओळ खरंच लंगडी असते. आठवड्याच्या पाच शिफ्ट करून आलेल्या माणसाला याचा किती राग येतो ते विचारू नका.

आमची ओळख लायब्ररीत झाली. त्यांचं वाचन होतं, श्रोते सहा, त्यातले एक गृहस्थ छान झोपलेले. माझी बस यायला वेळ होता म्हणून मी बसले होते. शेवटी कुणीच काही विचारेना, तेव्हा लाजेकाजेस्तव मी विचारलं, की ओळ कुठे तोडायची हे तुम्ही कसं ठरवता? त्या म्हणाल्या, "तूही लिहितेस वाटतं. इतका कंटाळवाणा प्रश्न लिहिणारी माणसंच विचारतात." मी म्हटलं, लिहायचे. पुढच्या शनिवारी त्यांनी चहाला बोलावलं आणि मी अडकले.

या उन्हाळ्यात पुण्याच्या एका दिवाळी अंकाने त्यांच्या दहा कविता घ्यायचं कबूल केलं. संपादकांची अट एकच, सोबत लेखिकेचं जीवन आणि कारकीर्द यावर तीन पानांचा परिचय हवा. बाईंना घाई होती. त्यांची नजर झपाट्याने चालली आहे, आता अक्षरं मधोमध पुसट दिसतात. वाचता येणार नसलं तरी आपलं नाव त्या वळणदार लिपीत कसं दिसतं ते एकदा पाहायचंय, असं त्या दर शनिवारी म्हणत. त्यामुळे अंक हातचा जाऊ द्यायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

परिचय मी दोन बैठकांत उरकला. समुद्राहून खालच्या पातळीवर वसलेलं गाव, पाणी उपसणाऱ्या पंपावर नोकरी करणारे वडील, चोविसाव्या वर्षी पहिला कवितासंग्रह, इंग्रज नवरा, बोटीवरचा इंजिनियर, मग साउथहॅम्प्टन, सात कादंबऱ्या. हात आपोआप चालत होता. असे परिचय मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत पाहुण्यांसाठी इतके लिहिलेत, की झोपेतही लिहीन. शनिवारी तो नेहमीप्रमाणे इंग्रजीत उलटा करून त्यांना ऐकवत होते. "घरसंसार सांभाळून त्यांनी आपली लेखनसाधना अखंड चालू ठेवली," इथे आल्यावर त्यांचं बोट वर झालं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. असं लिहायची पद्धत आहे. सगळ्या लेखिकांच्या परिचयात असतं."

"लेखकांच्याही?"

मी पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ मारली.

मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मुलगी चार वर्षांची असताना त्या तिला नवऱ्याकडे आणि सासूकडे सोडून रॉटरडॅमला गेल्या, एक खोली घेतली आणि दोन वर्षं परतल्याच नाहीत. त्या खोलीत दोन कादंबऱ्या झाल्या. दुसरीने त्यांना नाव दिलं. मुलगी आता कॅनडात असते आणि ख्रिसमसला फोन करते. "मी काहीही सांभाळलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे, तिथे, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर लोकांनी माझ्याबद्दल काहीतरी गोड लिहिलंय. मी कधी हरकत घेतली नाही, भित्री होते. या एका ठिकाणी खरं लिही."

मी वाक्य बदललं. चार वर्षांच्या मुलीला सोडून त्या गेल्या आणि दोन वर्षांनी परतल्या. खरं सांगायचं तर मला त्यांचा संताप आला होता. माझाही एक संग्रह आहे, सव्विसाव्या वर्षी पुण्यात निघालेला, चांगली परीक्षणं आली होती. मग लग्न, हा देश, मुलगी, शिफ्ट. मी कविता बंद केल्या, मुलीसाठी केल्या, आणि ते योग्यच केलं असं तेवीस वर्षं स्वतःला बजावत आले. या बाईने उलटं केलं आणि तिला सात कादंबऱ्या मिळाल्या. आणि तिच्या कविता मराठीत आणायला मीच.

मजकूर पाठवल्यावर संपादकांचा फोन आला. माणूस सज्जन. "मॅडम, दिवाळीचा अंक आहे. घराघरांत जातो. 'मुलीला सोडून गेल्या' कसं छापायचं? 'काही काळ कुटुंबापासून दूर राहून' करू या का? नाहीतर या वर्षी राहू दे." मी म्हटलं, सोमवारपर्यंत कळवते. बाईंना कळणारही नव्हतं. मराठी वाचणारं त्यांच्याकडे माझ्याशिवाय कोण आहे? त्यांना अंक दिसला असता, लिपी दिसली असती. मी जवळजवळ हो म्हणणारच होते.

त्या शनिवारी माझी गाडी वार्षिक तपासणीला, एमओटीला, दिली होती, म्हणून मुलगी मला बाईंच्या घरून न्यायला आली. ती स्लाऊला नोकरी करते, वीकेंडला घरी येते. मराठी बोलते, व्याकरणाशी मात्र तिचं पटत नाही, आणि मीही हल्ली सुधारत बसत नाही. रस्ता तुंबला होता. मी तिला विचारलं, "तू चार वर्षांची असताना मी तुला दोन वर्षं सोडून गेले असते तर?"

"सो रँडम, आई. कुठे जायचा होता तुला?"

"सांग ना."

"आय डोन्ट नो. बाबा होते. आजीला बोलावला असता. आय वुड हॅव बीन फाइन, प्रॉबब्ली." मग माझ्याकडे बघून, "का पण?"

"लिहायला. मी कविता लिहायचे. तुझा जन्म झाला तेव्हा बंद केल्या."

"तू कविता लिहायचा?" तिने खरंच आश्चर्याने विचारलं. "मला कधी सांगितला नाही तू. आणि माझ्यासाठी बंद का? मी तर नाही मागितला."

ती टोचून बोलत नव्हती. ती तशी नाहीच. मग म्हणाली, "एक म्हण ना. तुझी कुठली पण."

मी आठवायला लागले. ओळी भराभर तोंडाशी आल्या, पंपाच्या, खाऱ्या वाऱ्याच्या, एका भाड्याच्या खोलीतल्या थंडीच्या. सगळ्या त्या बाईंच्या. माझी एकही येईना. संग्रहाचं पहिलं पान डोळ्यांसमोर होतं, कागदाचा रंगसुद्धा, पण त्यावर काय छापलं होतं ते काही केल्या आठवेना. मुलगी वाट बघत होती. पुढच्या गाड्या हलल्या तशी तिने गाडी काढली आणि पुन्हा विचारलं नाही.

मी फोन काढला आणि संपादकांना लिहिलं: सोडून गेल्या, असंच छापा. एक शब्दही बदलणार असाल तर कविता परत पाठवा.