कागदातले बाबा

दुकानात कागदी पिशव्यांचा नवा गठ्ठा आला की सुतळी सोडण्याआधीच मला त्याचा वास येतो. शेजारच्या वाडीतली एक बाई जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या घरी करून देते. ती मैद्याची खळ शिजवते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती खळ नीट वाळत नाही. मग काजू, कोकम, मसाला या माझ्या मालवणच्या दुकानाच्या ठरलेल्या वासांमधून एक ओलसर, किंचित आंबूस वास वाट काढत गल्ल्यापाशी येतो. पूर्वी मी गठ्ठा उलटापालटा करायचो, दोन-चार पिशव्यांचे तळ ओढून बघायचो आणि मग दरावरून तिच्याशी यथासांग हुज्जत घालायचो. हल्ली घालत नाही. ती बुचकळ्यात पडते. "तब्येत बरी नाय काय, शेठ?" असं तिनं परवा विचारलंसुद्धा. तब्येत बरी आहे. फक्त त्या वासाबरोबर एक चेहरा येतो, आणि तो समोर असताना माझ्या तोंडून घासाघीस होत नाही.

गेल्या पावसात शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली. कुडाळच्या आठवडी बाजारात सायकलला टोपली बांधून मी धंदा सुरू केला तो याच हाताच्या जोरावर. मूठभर काजूबी उचलून खुळखुळवली की आवाजावरून ओल किती आहे ते या हाताला कळायचं, आणि विकणाऱ्यालाही कळायचं की याला फसवता येणार नाही. त्या हाताला आता शर्टाचं बटण लागत नव्हतं. व्यायाम करून घेणारी मुलगी कुडाळलाच एका दवाखान्यात बसते. तिनं दोन दिवस रबराचा चेंडू दाबायला दिला, तिसऱ्या खेपेला म्हणाली, "काका, घरी कात्री घ्या आणि कागद कापा. सकाळ-संध्याकाळ."

"ह्या वयात माका बालवाडीत घालतंस काय गो?"

"घालतंय. आणि कापलेले कागद टाकू नकात. खळीन चिकटवा, काय तरी चित्र करा. पुढच्या खेपेक माका दाखवायचा."

"चित्र नको. सकाळी कापतंय, संध्याकाळचा सोड."

"काका, हंय घासाघीस चलाची नाय."

मी चिडलो. पण खरं सांगायचं तर तिच्या आवाजातली ती ठाम, हसरी नकारघंटा मला आवडलीही. सौदा करताना मी स्वतः ज्या सुरात बोलतो तोच तो सूर होता.

घरी आलो आणि कात्री घेतली. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, खोक्यांवरची रंगीत लेबलं असा ढीग बायकोनं पुढ्यात ओतला. पहिले काही दिवस मी नुसतेच वेडेवाकडे तुकडे पाडले. कात्री एकीकडे, कागद दुसरीकडे. पण हळूहळू त्या कामात एक विचित्र गोडी लागली. आयुष्यभर माझ्या हातून कागद गेला तो वस्तू गुंडाळण्यापुरता. त्याच्याकडे कागद म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. कापलेली कड आणि फाडलेली कड यांत किती फरक असतो! कात्रीची कड खणखणीत, व्यवहारातल्या शब्दासारखी. फाडलेल्या कडेला आतला पांढरा, केसाळ पदर दिसतो. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर स्वतःच्या मर्जीनं जातं. या गोष्टी इतक्या उशिरा कळाव्यात याची मला थोडी लाजच वाटली. मग चित्र कशाचं करावं, असा प्रश्न आला. होडी, माड, सिंधुदुर्ग किल्ला हे सगळं माझ्याच दुकानाच्या पिशव्यांवर छापलेलं आहे. मला हवं होतं ते वेगळंच, आणि ते कित्येक वर्षांपासून हवं होतं. मला बाबांचा चेहरा हवा होता.

आमच्या बाबांचा एकच फोटो आहे. तो गावच्या मूळ घरात, थोरल्या भावाकडे. आमची लग्नं व्हायच्या आधीच बाबा गेले. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात इस्पितळात मी बसलो होतो, भाऊ शेतात होता. ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पुढे वाटण्या झाल्या. मी बोलण्यात हुशार, तो अबोल. मालवणातली रस्त्याकडची जागा मी मागितली आणि मिळवली. हापूसची कलमं मागितली, तांब्याची भांडी मागितली. वाटणीला बसलो म्हणजे मागायचंच असतं, त्यात मी काही गैर केलं असं मला आजही वाटत नाही. फोटो शेवटी राहिला. तो मी मागितला तेव्हा भाऊ पहिल्यांदा बोलला, आणि बोलला तो चार भावकीच्या माणसांसमोर. "सगळा घेतलंस. आता बाबांका तरी हंय ऱ्हवांदे."

सगळा घेतलंस! जणू मी दरोडा घातला होता. त्या जागेवर तेव्हा नुसती घाणेरीची झुडपं होती. दुकान मी उभं केलं, उन्हात, पावसात, लोकांच्या शिव्या खाऊन. मी तिथल्या तिथे उठलो आणि सांगितलं की या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. चढलो नाही. मध्यस्थांकरवी निरोप पाठवले, की फोटो स्टुडिओत नेऊन एक प्रत तरी काढू दे. उत्तर दर वेळी एकच यायचं, "येवन बघ म्हणा. घर काय माझ्या एकट्याचा आसा?" एकदा बायको म्हणाली, मी वहिनींकडे जाते तेव्हा मोबाईलवर काढून आणते. मी तिच्यावर असा ओरडलो की दुकानातलं गिऱ्हाईक निघून गेलं. "चोरून आणलेलो बापूस माका नको!" आता आठवलं की हसू येतं आणि पाठोपाठ हसू विझतंही. भाऊ बाजाराला मालवणातच यायचा. माझ्या दुकानासमोरून, मासळीची पिशवी हातात घेऊन, एसटी स्टँडकडे जायचा. तो दिसला की मी डबे लावायला वळायचो. एवढ्या वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात राग शिल्लक होता की नुसती सवय, हे मलाही सांगता आलं नसतं.

तर मी ठरवलं, फोटो नाही ना देत, मी माझे बाबा माझ्या आठवणीतून करीन. आणि कामाला बसल्यावर कळलं की आठवण म्हणजे किती फसवा माल आहे. टोपी आठवत होती. काखेत छत्री धरण्याची ढब आठवत होती. खोकण्याआधी ते हात वर करायचे, तो हात आठवत होता. चेहरा मात्र धुक्यात. जाहिरातींतून मी डोळे कापले, नाकं कापली, पण त्या गुळगुळीत माणसांचं काहीच बाबांना बसेना. त्वचेचा रंग तर कुठेच मिळेना. गुलाबी, गोरे, चकचकीत असे सगळे रंग छापून येतात, उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात मुरलेल्या माणसाचा रंग कुणी छापत नाही. शेवटी काजूचं एक रिकामं खोकं पाण्यात भिजवलं आणि त्याचा वरचा पापुद्रा सोलला. आतून पुठ्ठ्याच्या बारीक आडव्या पन्हळी निघाल्या. तो तुकडा कपाळाच्या जागी ठेवला. बाबांच्या कपाळावरच्या आठ्या! त्याच, तशाच. मग एकेक गोष्ट येत गेली. हनुवटीला वर्तमानपत्राची फाडलेली कड लावली, तिच्या पांढऱ्या केसाळ पदरानं न केलेल्या दाढीचे खुंट उगवले. टोपीला पांढराशुभ्र कागद चालेना, तेव्हा पिवळट पडलेल्या लग्नपत्रिकेची पाठ वापरली. डोळे सगळ्यात शेवटी सापडले. कॅलेंडरावर अमावास्येच्या चौकोनात काळं भरीव वर्तुळ असतं. दोन महिन्यांच्या दोन अमावास्या कापल्या आणि लावल्या. बाबा माझ्याकडे बघायला लागले.

शिकाऊ माणसाच्या सगळ्या चुका त्या कागदात आहेत. खळ जाड लागली म्हणून गाल फुगला. एक कान दुसऱ्याहून खाली गेला, आणि तो उचलायला गेलो तर अर्धा फाटला. पण मला त्याची पर्वा नव्हती. मी बायकोला हाक मारली. तिनं पदराला हात पुसले, लांबून बघितलं, जवळ येऊन बघितलं, आणि खुशीत म्हणाली, "ह्ये तर भावोजी!"

"खंयचे भावोजी? बाबा आसत ते."

"मामंजींका मी खंय बघलंय? पण ह्ये भावोजीच. ती हनुवटी बघा, ता कपाळ बघा. परवाच बाजारात दिसले, अगदी अश्शे."

मी तिला स्वयंपाकघरात हाकललं आणि कोलाज उलटा करून ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. ती बरोबर होती. कपाळ भावाचं होतं. हनुवटी भावाची होती. डबे लावायला वळता वळता, नको नको म्हणत, डोळ्याच्या कोपऱ्यातून मी दर बाजाराला जे थोडंथोडं उचललं होतं ते सगळं इथं येऊन चिकटलं होतं. पण चूक माझ्या बोटांची नव्हती. बाबा त्यांच्या शेवटच्या वर्षांत असेच दिसायचे, हे मला आता स्वच्छ आठवत होतं. भाऊ चालत चालत त्यांच्या वयात पोचला होता. ज्या चेहऱ्यासाठी मी मध्यस्थ पाठवत होतो तो माझ्या दुकानासमोरून मासळी घेऊन जात होता.

बायकोनं हे वहिनींना फोनवर सांगितलं असणार. थंडीचे दिवस होते. एका सकाळी वहिनी स्वतः दुकानात आल्या, जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. टॉवेल माझ्यापुढे ठेवला.

"ह्येंनी दिल्यानी. घेवा, तुमचो फोटो."

"किती दिवसांक?" मी विचारलं. जीभ शेवटी धंद्याची.

"कायमचो. आमी पुण्याक चललो, झिलाकडे. ह्येंका आता चढाक-उतराक जमणा नाय, थंय लिफ्ट आसा. दुपारची गाडी."

"आजच?"

"आजच."

"मगे दादा कित्याक नाय इलो? फोटो देवक बायलेक धाडता?"

वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. त्या बाईच्या तोंडून मी कधी वाकडा शब्द ऐकलेला नाही. त्या दिवशीही तो वाकडा नव्हता. "इले असते तर तुमी तेंच्याकडे बघलास असतास?" एवढं म्हणून त्या पायरी उतरल्या. रिक्षा थांबवलेली होती.

त्या गेल्यावर मी टॉवेल सोडला. काचेच्या आड एक तरुण मुलगा उभा होता. रंगवलेल्या पडद्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून, कॅमेऱ्याला भ्यायलेला. गुळगुळीत गाल, तेल लावून बसवलेला भांग. लग्नाच्याही आधीचे बाबा. आमच्या लहानपणी तो फोटो खूप उंचावर टांगलेला असायचा आणि दाराचा उजेड काचेवर पडायचा. म्हणून की काय, तो असा आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. हा माणूस मला कधी भेटला नव्हता. यानं मला खांद्यावर घेतलेलं नव्हतं, याला मी इस्पितळात पाणी पाजलेलं नव्हतं. याच्यासाठी मी भांडलो होतो.

घड्याळात बघितलं. कुडाळ स्टेशनातून त्यांची गाडी सुटायला भरपूर वेळ होता. नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या. तेवढ्यात पर्यटकांचं एक कुटुंब आत आलं आणि काजूचा भाव फार आहे म्हणालं, आणि मी त्यांच्याशी बोलायला लागलो. नेहमीपेक्षा जास्त बोललो. बोलता बोलता मनात म्हणत होतो, त्यानं यायला हवं होतं. थोरला आहे. ‘सगळा घेतलंस’ हे तो बोललाय, मी नाही. हे सगळं खरं होतं, अजूनही खरं आहे. ते कुटुंब गेलं, दुसरं आलं. नंतर कधीतरी गाडी सुटून गेली असणार.

फोटो घरात दर्शनी भिंतीवर लावला आहे. येणारे विचारतात, हा कोण? कागदातले बाबा कपाटावर आहेत. या पावसात त्यांना ओल धरली आहे, टोपी सुटत चालली आहे. दवाखान्यातल्या त्या मुलीला ते दाखवायचे राहूनच गेले. हात बरा झाला तसं मी जाणंच थांबवलं.

बायकोचं वहिनींशी बोलणं होतं, तेव्हा कळतं. पुण्यात मुलाच्या घरी भाऊ दिवसभर गॅलरीत बसून असतो, खालच्या रस्त्यावर कोण येतं-जातं ते बघत. तिथल्या माणसांना तो एक म्हातारा आहे, बस. बाबांना त्या वयात रोज बघितलेली माणसं आता जगात दोनच उरली आहेत. एक तो, आणि त्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही. तो कुणासारखा दिसायला लागला आहे हे त्याला सांगू शकेल असा मी एकटाच आहे. त्याचा नंबर बायकोच्या फोनमध्ये आहे. मी अजून सांगितलेलं नाही.