वर्नाला अजून दोनदा विचारा

नाही ब्रिटा, मी सांगते तसंच लिही, ते नाकाचं खोडू नकोस, राहू दे. वर्ना स्कोग्मोचं नाक मोठं आहे तर आहे, तिलाही ठाऊक आहे. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली बाईने. मागच्या बाकावर काय चाललंय ते त्या नाकालाच आधी कळायचं. तुझ्या बापाने एकदा दप्तरातून मेलेला मासा नेला होता, विचार त्याला पुढे काय झालं.

तर ते व्हिटकोम साहेब. गव्हर्नर व्हायचंय त्यांना. आमच्याकडे यायचं म्हणून शेतकऱ्यासारखे बूट घालून आले, आणि बूट इतके नवे की साहेबांच्या आधी तेच बोलत होते. त्यांना जोडीदार हवा होता, नायब गव्हर्नर म्हणून मतपत्रिकेवर आपल्या नावाशेजारी छापायला. आम्हाला वाटलं, घेतील कुणी वकील, नाहीतर ती बियाण्यांच्या कंपनीची मालकीण. आणि बातमी आली की साहेबांच्या मनात वर्ना आहे. जानेवारीच्या वादळात तिने बस चर्चच्या दाराशी लावून सव्वीस पोरं सुखरूप ठेवली, ते टीव्हीवर दाखवलं होतं ना, त्यावरून.

मग काय, आमच्या ऑस्लंड गावच्या कॅफेत सगळे राजकारणातले पंडित झाले. धान्याच्या कोठारावरचा मायलो, ज्याला घरात कुठला चॅनल लावायचा तेही विचारत नाहीत, तो म्हणतो, "फायदा बघा. तीन जिल्ह्यांतला चाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस तिच्या बसमधून गेलाय. ती नुसतं आरशातून बघेल, निमूट मत देतील."

"आणि तोटा?" हार्लनने विचारलं. तो रिटायर पोस्टमास्तर, त्याला तोटाच आधी लागतो.

"तोटा म्हणजे ती खरं बोलते. साहेबांना झेपायला नको?"

"शहरातले विचारतील, हिला कारभाराचा अनुभव काय."

मी म्हटलं, "बसभर पोरं, एक रस्ता, त्यावर बर्फ, आणि पोरांकडे पाठ करून बसायचं. तिकडे विधानसभेत निदान समोरून तरी दिसतात."

"समजा अर्डिस," हार्लन म्हणाला, "साहेबांचं काही बरंवाईट झालं आणि राज्य तिच्या हातात आलं?"

"मग राज्य वेळेवर पोचेल," मायलो म्हणाला.

हसलो आम्ही. पण वर्नाला ते हसण्यावारी नव्हतं. आपली शाळा पुढच्या वर्षी बंद करायची म्हणतात. एक्केचाळीस पोरं आहेत, त्यांना दीड तास लांबच्या शाळेत पाठवायचं. सहा वर्षांचं लेकरू अंधारात निघणार, अंधारात परत येणार. वर्ना दोनदा राजधानीत जाऊन आली. तिथे तिला कॉफी दिली, एक रंगीत पुस्तिका दिली आणि दार कुठे आहे ते दाखवलं. चर्चच्या तळघरात भांडी पुसताना मला म्हणाली, "अर्डिस, एकदा त्यांच्या टेबलाशी बसायला मिळू दे. मग बंद करून दाखवावी शाळा."

म्हणजे तिला हवं होतं. आतून हवं होतं.

सोमवारी साहेब तिच्या स्वयंपाकघरात आले, सोबत तो काडीसारखा सल्लागार. मी होतेच. टेबलावर लिंबाच्या वड्या. साहेब म्हणाले, "वर्नाबाई, याल का माझ्याबरोबर?"

वर्नाने हात पुसले. "छे हो, मी कसली. माझ्यापेक्षा चांगले ढीगभर आहेत."

आता दुसरं काय म्हणणार ती? आपण कॉफीलासुद्धा दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणतो आणि किटली रिकामी करतो. आयनारने तिला लग्नाचं विचारलं तेव्हा दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तुझी अडचणच होत असेल तर." अडतीस वर्षं संसार केला. पहिल्या झटक्यात हो म्हणणाऱ्या बाईबद्दल आपण पुढच्या वसंतापर्यंत बोलतो.

आणि साहेब उठले. म्हणाले, "तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो." आदर! एवढी शिकलेली माणसं. सल्लागाराने फोनमध्ये काहीतरी टिपलं, बूट कुरकुरत निघाले. वड्यांना एकदा नको म्हणाले, आणि खरंच खाल्ल्या नाहीत.

वर्ना माझ्याकडे पाठ करून उभी. "बरं झालं," म्हणाली. "माझ्याने झालं नसतं." आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. मी साहेबांच्या मागे धावायला हवं होतं. पण मीही इथलीच. मी म्हटलं, "वारा सुटलाय." ती म्हणाली, "हो, सुटलाय."

आता त्या बियाणेवालीचं नाव चाललंय. मायलो म्हणतो, तिने प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हटलं. तिचा फायदा म्हणजे दात छान आहेत. तोटा एवढाच, की ऑस्लंड कुठे आहे ते तिला नकाशावर बोट ठेवून दाखवावं लागेल. शनिवारी पक्षाच्या सभेत नाव पक्कं होणार.

तू गुरुवारी कॉलेजला परत निघालीस की वाटेत त्यांची कचेरी लागते. हा कागद त्या काडी सल्लागाराच्या हातात दे. त्याला सांग, वर्नाला अजून दोनदा विचारायचं. दुसऱ्यांदा नाही म्हणाली की उठायचं नाही, कॉफी मागायची. तिसऱ्यांदा ती म्हणेल, तुमची अडचणच होत असेल तर. ते हो असतं. मी सांगितलं म्हणून वर्नाला कळू देऊ नकोस.

आणि हा वड्यांचा डबाही त्याला दे. नको म्हणाला, तर अजून दोनदा विचार.