मंगळाच्या आभाळाची निळी पट्टी

आटपाडीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला गेले तेव्हा पंचविशीची होते आणि मला सगळं येत होतं. सांगलीच्या घरी वडील म्हणायचे, हिच्या नाकावर माशी बसत नाही. कशी बसणार? तिथे राग आधीच जागा धरून बसलेला असायचा.

शहात्तरच्या जुलैत मंगळावर एक यान जाऊन उतरलं. दुपारच्या एस.टी.नं आलेला पेपर मी शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या मोठ्यानं वाचला. जिथे चिटपाखरू नाही तिथे एक यंत्र तीन पायांवर उभं राहून वारा मोजतंय, हवेत काय काय मिसळलंय ते तपासतंय, दगडांचे फोटो काढून पाठवतंय. मला भरून आलं. तेव्हा कुणाला कळू दिलं नाही, पण त्या दिवशी वर्गावर जाण्याआधी मी डोळे पुसले होते.

हेडमास्तरांनाही बातमी आवडली. आणीबाणीचे दिवस होते, साहेबलोक वेळेवर यायचे आणि बघण्यासारखं काहीतरी मागायचे. पंधरा ऑगस्टला तालुक्याची मंडळी झेंडावंदनाला येणार होती. झेंड्यासमोरच्या लांब भिंतीवर मंगळ काढायचा, असं हेडमास्तरांनी ठरवलं. माहिती मी द्यायची आणि चित्र चित्रकलेच्या गुरुजींनी काढायचं.

गुरुजी औंधचे. संस्थानातली मोठमोठी चित्रं बघत त्यांची नजर घडली होती, पण आयुष्य गेलं आंबे आणि बादल्या काढायला शिकवण्यात. ऑगस्टअखेर ते निवृत्त होणार होते. एवढी मोठी भिंत त्यांना तीस वर्षांत कुणी दिली नव्हती आणि पुढे कुणी देणार नव्हतं. त्यांची एक खोड होती. कुठलाही रंग लावण्याआधी ते तो आपल्या सदऱ्याच्या डाव्या बाहीवर लावून बघायचे. पांढऱ्यावर कसा दिसतो, वाळल्यावर किती उतरतो, हे कळल्याशिवाय भिंतीला हात नाही. त्यामुळे त्यांची ती बाही बारा महिने रंगपंचमी खेळून आल्यासारखी असायची.

जमीन तांबडी, दगड काळपट, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी विचारलं, "बाई, आभाळ कसलं काढू?"

"निळं," मी म्हटलं. पेपरात फोटो काळापांढराच होता, पण खाली छापलं होतं की पहिल्या रंगीत फोटोत आभाळ निळसर दिसतंय.

गुरुजी भिंतीकडे बघत राहिले. "आवं, पर तितं बारीक धूळ लय हाय म्हनता. आपल्याकडं वारं सुटलं की आभाळ निळं ऱ्हातंय व्हय?"

आटपाडीचा आषाढ ज्यानं बघितलाय त्याला हा प्रश्न कळेल. पाऊस सगळा साताऱ्याच्या डोंगरावर रिता होतो आणि इकडे नुसता वारा येतो, माळाची माती उचलून. शाळेचे शिपाईमामा फौजेतून आलेले. त्यांनीही बादली खाली ठेवून साक्ष दिली, "राजस्थानात पोस्टिंग हुतं तवा बघितलंय की. आंधी आली का आभाळ पार मातकट."

मला दोघांचाही राग आला. मी म्हटलं, "गुरुजी, रंग तुमचे. विज्ञान माझं."

गुरुजींनी चुन्यात कपड्यांची नीळ कालवली, बाहीवर लावून बघितली आणि आभाळ रंगवायला ते शिडीवर चढले.

आठवड्यात भिंत पुरी झाली. काय सुरेख झाली म्हणून सांगू. बाजाराला आलेली माणसं फाटकातून आत डोकवायची. गुरुजी मधल्या सुट्टीत लांब लिंबाखाली उभे राहून तिच्याकडे बघायचे, लेकीचं लग्न नीट पार पडल्यावर बाप मांडवाकडे बघतो तसे. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, पाहुण्यांपुढे चित्राची माहिती तुम्हीच द्या, तुम्हाला कायम करण्याची गोष्टही त्याच दिवशी काढू.

झेंडावंदनाला तीन दिवस होते तेव्हा वडिलांचं पाकीट आलं. कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकाचं पान कापून त्यांनी पाठवलं होतं. पहिला रंगीत फोटो तयार करणाऱ्यांनी रंग जुळवताना आभाळ आपल्या ओळखीचं दिसेल असं जुळवलं होतं. मग त्यांनी ताडून पाहिलं. यानाच्या अंगावर रंगाच्या छोट्या पट्ट्या बसवल्या होत्या, त्यांचे खरे रंग पक्के ठाऊक होते. फोटोत त्या पट्ट्या खऱ्या दिसतील असा रंग धरला आणि आभाळाचा निळा गेला. मंगळाचं आभाळ मातकट गुलाबी निघालं. हवेत तांबडी धूळ तरंगत असते म्हणून.

मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. आटपाडीत हे कुणाला कळणार होतं? मी गप्प बसले असते तर माझी नोकरी कायम झाली असती आणि गुरुजींची भिंत राहिली असती. सांगितलं तर एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी माझ्या हातानं खोटं ठरवणार, तेही चूक माझीच असताना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात किती वेळा वापरली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी लिंबाखाली होते. मी पान त्यांच्या हातात दिलं, मराठीत करून सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही बरोबर होता. मी उगाच बोलले. मला माफ करा."

ते रागावतील, निदान दोन शब्द सुनावतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी विचारलं ते भलतंच. "रंगाच्या पट्ट्या आंगावर लावून गेलंय म्हनता?"

"हो."

त्यांनी आपली डावी बाही पुढे धरून न्याहाळली. "मंजे ते आपल्यातलंच हाय की," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. एवढ्या मोठ्या लोकांनी चूक केली, ती स्वतःच धरली आणि जगाला सांगितली, याचं त्यांना कोण अप्रूप. "लय मोठी मानसं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आपली भिंत वाया गेली हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुपारी आभाळ नव्यानं रंगवायला माळावरची माती आली. शिपाईमामांनी ती धोतराच्या फडक्यातून चाळली, मी बाभळीच्या डिंकाचं पाणी केलं. गुरुजींनी बाहीवर लावून बघितलं, वाळू दिलं, थोडा चुना वाढवला, पुन्हा बघितलं. दोन दिवसांत निळं आभाळ मातीचं झालं आणि आश्चर्य म्हणजे चित्र आधीपेक्षा खरं दिसायला लागलं. उजव्या कडेला मात्र त्यांनी हातभर रुंदीची निळी पट्टी तशीच सोडली.

"ती राहिली," मी म्हटलं.

"ऱ्हायली न्हाई, ठेवलीया. आदी काय वाटलं हुतं ते पोरास्नी दिसू दे."

मला ते झोंबलं. माझी चूक वरपासून खालपर्यंत सगळ्या गावासमोर टांगलेली. मी विनवलं, रुसले, पण गुरुजी हलले नाहीत. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांनी पहिला प्रश्न पट्टीबद्दलच विचारला. मी सगळं सांगितलं, ती चूक माझी हेसुद्धा. कायम करण्याची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही. ती निघायला आणखी वर्ष गेलं.

गुरुजी औंधला गेले. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला चुना लावायला माणसं आली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, ती पट्टी आता झाकून टाका. मी पट्टीला पाठ लावून उभी राहिले आणि चुन्याची बादली परत पाठवली. दर वर्षी नव्या वर्गाला मी आधी तीच दाखवत असे.

एकोणऐंशीत गुरू ग्रहापाशी गेलेल्या यानानं त्याच्या एका चंद्राचे फोटो पाठवले. त्या चंद्रावर चक्क ज्वालामुखी उफाळत होते. पिवळ्या-नारिंगी रंगाचं ते चित्र एका मासिकात आलं तेव्हा ते घेऊन मी एस.टी.नं औंधला गेले. गुरुजी थकले होते. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ आणलं, खूप वेळ डोळे भरून पाहिलं. मग विचारलं, "ह्यो रंग ताडून बघितलाय का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, गुरुजी."

ते हसले. "आता तुमी शिकवायला लागलासा, बाई," ते म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.