डाव्या कानातला पक्षी

आधीच सांगून टाकते... या सदरात कुणी अनुभव लिहिला की खाली "मांजर असेल हो", "बॉयलर सर्व्हिस करून घ्या", "झोप पूर्ण होते का तुमची?" असल्या खवचट कमेंट्स टाकणारी जी बाई आहे ना, ती मीच! माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण माझी बारा वर्षांची मुलगी ईरा आत्ता वरच्या खोलीत ढणाढणा गाणी लावून होमवर्क करतेय, आणि ती तिथे आहे ती एका ठार बहिऱ्या कानामुळे. आता हसा मला.

मी नॉटिंगहॅमला ऑडिऑलॉजिस्ट आहे. म्हणजे लोकांना हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसवायचं आणि "बीप ऐकू आला की बटण दाबा" म्हणायचं, हे माझं काम. त्यामुळे कुणी "मला विचित्र आवाज ऐकू आला" म्हटलं की माझ्या डोक्यात भूत येत नाही, कानातला मळ येतो.

आता बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे, मूळचे सांगलीचे. डॉक्टर म्हणून इकडच्या हॉस्पिटलात आले आणि इथेच रिटायर झाले. लहानपणी गालगुंड झाले तेव्हा त्यांचा डावा कान गेला, आणि तो मुळापासूनच गेला. त्या कानाला मशीन लावूनही उपयोग नाही. उजवा कान वयोमानाने उतरत चाललाय, त्याला हिअरिंग एड आहे. ती काढली की अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. एकच कान चालू असेल तर आवाज येतो, पण तो *कुठून* आला ते कळत नाही. दोन्ही कानांपर्यंत आवाज पोचण्यात जो बारीकसा फरक पडतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. त्यामुळे मी किचनमधून "बाबा, चहा!" म्हटलं की ते आधी गार्डनकडे बघतात, मग जिन्याकडे, मग टीव्हीकडे. शेवटी ईरा दोन्ही हात हलवून ओरडते, "आजोबा, हॅलो, आम्ही इकडे!" आमच्या घरातला हा रोजचा विनोद आहे.

तर, ईस्टरच्या सुट्टीत आम्ही मेक्सिकोला गेलो. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं आणि बाबा घरातल्या घरात मिटत चालले होते. यायलाही तयार नव्हते. "मला कुठे गाइडचं बोलणं ऐकू येणार? तुम्ही जा, मी आहे की इथे," हेच पालुपद. माझा नवरा मंदार म्हणाला, "बाबा, ऐकू नका, नुसतं बघा. पण चला." शेवटी ईराने गळ घातली तेव्हा आले.

तिसऱ्या दिवशी आम्ही डे-ट्रिप घेतली. सकाळी माया लोकांचे जुने अवशेष, मग जेवण, दुपारी सेनोटेमध्ये पोहणं. सेनोटे म्हणजे चुनखडीचं छत कोसळून तयार झालेला खोल डोह, थेट जमिनीच्या पोटात. कोचमध्ये निम्मी मंडळी आपल्या यूकेचीच, लॉबस्टरसारखी लालेलाल झालेली. गाइड रामोन नावाचा गप्पिष्ट माणूस होता.

त्या अवशेषांतल्या, चिचेन इत्साच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडसमोर त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि जोरात टाळी वाजवली. आणि काय सांगू... टाळीचा प्रतिध्वनी टाळीसारखा आलाच नाही! पक्षी ओरडल्यासारखा आला. उंच सुरू होऊन खाली घसरत जाणारा, "च्यिऊंऽ" असा. रामोन म्हणाला, हा केत्साल, माया लोकांचा पवित्र पक्षी, देवळात राहतो. सगळे "ऊऽऽ" करायला लागले. मी लगेच सांगितलं की वरच्या पायरीवरून आवाज परत यायला जास्त वेळ लागतो, खालच्या पायरीवरून कमी, म्हणून तो असा ताणला जातो.

"झालं, लेक्चर सुरू," मंदार पुटपुटला.

बाबांनी टाळी वाजवली. मान तिरकी करून थांबले. पुन्हा वाजवली.

"आला का गं?"

"आला बाबा."

"मला नाही आला." हसले, आणि दोन्ही हात खिशात घातले.

मी फोनवरच्या अ‍ॅपमधून त्यांच्या मशीनचा आवाज वाढवला, सेटिंग बदललं... छे. ते उंच स्वर त्यांच्या उजव्या कानात मशीन लावूनही पोचत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुपारी सेनोटे. आधी शॉवर घेऊन सनस्क्रीन धुवायचं, मग लाइफ जॅकेट, मग ओल्या लाकडी पायऱ्यांनी खाली. अर्धं छत शाबूत, अर्धं उघडं. उघड्या भागातून ऊन थेट पाण्यात उतरलेलं आणि वरच्या झाडांची मुळं दोरांसारखी पाण्यापर्यंत लोंबणारी. पाणी असं निळं की ईरा म्हणाली, "आई, हा फिल्टर लावलेला आहे का?" बाबांनी मशीन काढून माझ्या हातात दिलं. मी ते डबीत घालून पिशवीत ठेवलं. म्हणजे आता बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

पण पाण्यात शिरले आणि माणूस बदलला हो! कृष्णेत पोहलेला माणूस तो. डोहाच्या मध्यावर, उन्हाच्या पट्ट्यात उताणे तरंगत राहिले, पाय मुळांकडे, तोंड आभाळाकडे. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं सैल झालेलं बघत होते.

मी आणि मंदार पाण्यावर आडवा बांधलेला दोर धरून वाद घालत होतो. पासपोर्ट खोलीतल्या सेफमध्ये ठेवले की नाही, यावर. ईरा आमच्या शेजारीच होती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

आणि मग बाबा पाण्यात एकदम उभे झाले.

मी बघितलं ते फक्त त्यांचं डोकं. रोज हेच बघते ना मी, आवाज आला की माणसं डोकं कशी वळवतात ते. बाबांनी मान इकडेतिकडे केली नाही. शोधलं नाही. एका झटक्यात डावीकडे वळले आणि थेट कपारीतल्या अंधाराकडे हात मारत निघाले, जिथे छत पाण्याला टेकल्यासारखं होतं. मी ओरडले, "अहो बाबा, कुठे निघालात?" त्यांना काय ऐकू येणार! मंदारला म्हटलं, "बघ, तुझे बाबा गुहा शोधायला निघाले," आणि मी हसले. खरंच हसले मी.

मग आतून त्यांचा आवाज आला. "मंदाऽर!"

मंदार कसा पोचला, मी कशी पोचले, काही आठवत नाही. ईरा माशांच्या मागे त्या कपारीत गेली होती. जॅकेट काचतंय म्हणून तिने खालचं बकल काढून ठेवलं होतं. मुळांत जॅकेटचा पट्टा अडकला आणि ती खाली सरकली. जॅकेट वर तोंडावर आलं, हात त्यातच अडकले, तोंड पाण्याखाली. बाबांनी तिला खालून उचलून धरलं होतं आणि एका हाताने पट्टा ओढत होते. तिचे ओठ निळे पडले होते. ती खोकली... तो खोकला! मी आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकलेला नाही.

लाइफगार्ड आला, ऑक्सिजन लावला, सगळं तपासलं. पोरगी ठणठणीत. वरती टॉवेलमध्ये गुंडाळून बसलो तेव्हा मी ईराला सोडायलाच तयार नव्हते, म्हणून बाबांचं मशीन त्यांच्या कानात मंदारने घातलं.

"बाबा, तुम्हाला दिसली का ती?" मंदारने विचारलं.

"दिसणार कशी? मी आभाळाकडे बघत होतो."

"मग?"

"अरे, तो पक्षी नव्हता का ओरडत? सकाळी तुम्ही ऐकत होता तो. वरून खाली येणारा. सारखा ओरडत होता. इतका, की म्हटलं काय झालंय बघावं तरी." मग त्यांनी हात उचलला आणि डाव्या कानावर ठेवला. "इकडून," म्हणाले. मला वाटतं, आपण काय बोललो ते त्यांनाही तेव्हाच कळलं.

मी ईराला विचारलं, "तू हाक मारलीस का गं?"

"नाही आई," ती तिच्या मोडक्यातोडक्या इंग्लंडी मराठीत म्हणाली. "माझा तोंड पाण्यात होता. मला ओरडताच नाही आला." मग रडत म्हणाली, "आणि मग आजोबा आली."

रामोनला विचारलं तर तो डोकं खाजवायला लागला. म्हणाला, केत्साल या भागात नसतोच. तो दूरच्या डोंगरात असतो, इथे फक्त त्याची पिसं यायची, व्यापाऱ्यांकडून. इथे कपारीत पाकोळ्या असतात आणि भिंतींच्या भोकांत घरटं करणारा आणखी एक पक्षी असतो. मी लगेच त्या दुसऱ्या पक्ष्याला पकडलं. तोच असणार! मग लक्षात आलं, तो मलाही ऐकू आला असता. मंदारलाही. लाइफगार्डलाही. तिथे पक्षी ओरडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

परत आल्यावर मी स्वतःशीच भांडत राहिले. पाण्यात हाडांवाटे कंपनं पोचतात, हे खरं. पण पोचणार कुठे? आतला कानच मेलेला आहे. बरं, उजव्या कानात काहीतरी वाजलं आणि त्यांना पक्षी वाटला, असंही धरू. मग दिशा? गुहेत आवाज सगळीकडून येतो. तिथे दोन धडधाकट कानांच्या माणसालाही दिशा कळली नसती. योगायोग म्हणावा तर ते डोकं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. योगायोगाने वळलेलं डोकं तसं नसतं.

शेवटी बाबांना क्लिनिकला घेऊन गेले. घरच्यांची टेस्ट मी करायची नाही असा आमचा नियम, म्हणून माझी सहकारी जोन बसली आणि मी तिच्या शेजारी. बाबा काचेपलीकडे. उजवा कान नेहमीसारखा. मग डावा. जोन आवाज वाढवत गेली. बाबांचा अंगठा बटणावर तसाच. आणखी वाढवला. टेस्टच्या मशीनची हद्द संपली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

"पुन्हा एकदा," मी म्हटलं.

तिने पुन्हा केलं. मी म्हटलं, आणखी एकदा. खरं सांगते, पेशंटच्या अंगठ्याकडे इतक्या आशेने मी कधीच बघितलं नव्हतं. एकदा तरी दाबा हो बाबा. एकदा दाबा, म्हणजे मला काहीतरी लिहिता येईल.

बाबांनी हेडफोन काढला आणि दार उघडून बाहेर आले. "अगं, काही येत नाही त्या कानाला. कशाला त्या बाईंना त्रास देतेस?"

"पण मग तेव्हा कसं आलं, बाबा?"

"माहीत नाही." खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. आयुष्यभर डॉक्टरकी केलेला माणूस, उगाच काही म्हणणार नाही. "मी तर तो विचारच सोडून दिलाय. मला दुसरीच भीती वाटते. तेव्हा जर माझ्या मनात आलं असतं, की हा कान तर मेलेला आहे, यात काय ऐकू येणार... आणि मी तसाच पडून राहिलो असतो, तर?"

रिपोर्टवर डाव्या कानासमोर आजही 'नो रिस्पॉन्स' असंच आहे, आणि तो रिपोर्ट बरोबर आहे. या सगळ्याचं उत्तर कुणाकडे असेल तर जरूर लिहा. मांजराचं म्हणालात तरी चालेल, मी रागावणार नाही. पण बाबांचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण त्यांच्या जागी मी असते, तर मी नक्की हेच म्हटलं असतं, की हा कान मेलेला आहे. आणि तरंगत राहिले असते.