चिंचेने उजळलेली काडतुसं

"आमचे हे गेले, भाऊ... झोपेतच." सिसिलियावहिनींचा फोन आला तेव्हा मी कॅनडात, ओकव्हिलच्या घरी दुमिंगसाठीच सेलचं पत्रक कापत बसलो होतो. बंदुकीची दारू स्वस्त मिळणार होती. मी जन्माचा शाकाहारी, झुरळही कागदावर घेऊन बाहेर सोडतो. पण गेली काही वर्षं माझे रविवार या वसईकर शिकाऱ्यापायी बंदुकांच्या दुकानांत जात होते. त्याला जाऊन महिना झाला आणि ते पत्रक मला अजून टाकवत नाही.

दुमिंग ब्रॅम्पटनच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवून रिटायर झालेला. शौक राजाचा आणि खिसा साधा, त्यामुळे दुकानात शिरला की चकचकीत रायफलींकडे पाठ फिरवून तो थेट कोपऱ्यातल्या वापरलेल्या मालाकडे जाई. तिथेच त्याला 'ती' सापडली. दस्त्याला भेग, पट्टा तुटका. मी म्हणालो, "अरे, ही तुझ्या आज्याच्या वयाची आहे." "नळी बघ ना आतून, एकदम क्लीन. बाकी मेकअप मी बेसमेंटमध्ये करतो," तो म्हणाला आणि खरंच केला. तयार काडतुसांचा डबा घेणं तर त्याला पापच वाटे. नेमबाजी क्लबच्या रेंजवर लोक नेम मारून गेले की हा विचारून त्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचायचा आणि घरी त्यांत पुन्हा दारू-गोळी भरायचा.

पुंगळ्या चकाकवायचं मशीन मिळतं. दुमिंगने त्याऐवजी ग्रोसरीतून चिंच आणली. वसईला त्याची आई चर्चची पितळी शमादानं चिंचेनेच घासायची, मग पितळाला देश कशाला विचारायचा? पुंगळ्या अशा उजळल्या की तो हरखून गेला, आणि त्या भरात त्याने सगळ्या मराठी मंडळींना सांगून टाकलं की येत्या नोव्हेंबरात मी माझ्या काडतुसाने हरीण आणणार आणि ख्रिसमसला तुम्हा सर्वांना जेवू घालणार. परवाना एका हरणाचा, सीझन छोटा... वहिनी म्हणाल्या, "आधी आणा तरी, मग आमंत्रणं करा."

रेंजवर पहिली चाचणी घेतली. चाप ओढला आणि नुसतंच फुस्स झालं. शेजारचे लोक वळून बघायला लागले. काडतूस उशिरा उडू शकतं म्हणून दुमिंग नळी समोर धरून बराच वेळ थांबला, मग काडतूस जपून बाहेर काढलं. घरी ते उकलून पाहिलं तर पुंगळीच्या तळातल्या बारीक छिद्रात चिंचेची शीर वाळून घट्ट बसलेली. ठिणगी दारूपर्यंत पोचलीच नव्हती. मला वाटलं, आता हा खचणार. तो खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

त्या दिवसापासून चिंचेचा कोळ वहिनींच्या गाळणीतून गाळला जाऊ लागला. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. "तू इंजिनिअर ना? मग इन्स्पेक्शन तुझं," असं म्हणून त्याने मला कामाला लावलं. प्रत्येक रिकामी पुंगळी बल्बसमोर धरून मी आत डोकवायचं. तळाशी टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसला की पास. तो पलीकडून विचारायचा, "उजेड?" मी म्हणायचो, "आहे." मासे मोजणाऱ्या कोळणींसारखे आम्ही तासन् तास बसायचो आणि मला ते फार आवडायचं.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "भाऊ, पडलं हरीण. एकाच गोळीत. इन्स्पेक्टरला अर्धं क्रेडिट." ख्रिसमसला त्याच बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळी मागून मागून जेवली. माझी वांग्याची भाजी त्याने स्वतः वेगळ्या पातेल्यात केली होती, चमचाही वेगळा. क्लबमधल्या ग्लेनने हळूच विचारलं, पुंगळ्यांना कोणतं पॉलिश लावतोस? दुमिंगने त्याच्या हातात चिंचेचा गोळा ठेवला आणि बजावलं, "स्ट्रेन इट वेल."

रायफल आता त्याच्या लेकीच्या, अनिताच्या नावावर आहे. लायसन्स तिने बापाबरोबरच काढलं होतं. गेल्या रविवारी तिने बोलावलं म्हणून गेलो. टेबलावर कॉफीचा जुना डबा, त्यात दुमिंगने शेवटच्या घासून ठेवलेल्या पुंगळ्या. "अंकल, आय वॉन्ट टू गो धिस नोव्हेंबर. विल यू चेक दीज?" मी त्याच्या बल्बखाली बसलो, एक उचलून डोळ्याशी धरली. काहीच दिसेना. चष्मा काढला, पुसला, डोळेही पुसले आणि पुन्हा धरली.

अनिता कधी मराठी बोलत नाही. पलीकडून तिने विचारलं, "उजेड?"

"आहे," मी म्हणालो.