बसलेली बॅटरी आणि पटाची जोडी

माझ्या पाठवणीला आमचं घर दोनदा रडलं. पहिल्यांदा रीतीप्रमाणे, दुसऱ्यांदा खरंखुरं. मधल्या दोन तासांत काय झालं ते मीच सांगते, कारण बाकीचे आपापल्या सोयीनं सांगतात. माझ्या मामाच्या सांगण्यात तर मोटार त्यानंच सुरू केली.

सत्तरच्या पुढचा काळ. आमचं गाव दिघोरीच्या पलीकडे, धानाचं. नवरदेव वरठीच्या कारखान्यात कामाला, म्हणून सासरच्यांनी नवरीसाठी भंडाऱ्याहून भाड्याची काळी मोटार आणली होती. तोवर आमच्या गावची नवरी बैलगाडीनं जायची, फार झालं तर एस.टी.नं. मोटारीतून जाणारी मी पहिलीच. माझी मान जरा वरच होती, खोटं कशाला बोलू!

लग्न आदल्या संध्याकाळी लागलं. पंगत बसायच्या आतच भोंगेवाल्याची बॅटरी संपली. गाण्याशिवाय लग्न कसलं, म्हणून नवरदेवाच्या दोस्तांनी मोटारीची बॅटरी काढून भोंग्याला लावली. भोंगा पहाटेपर्यंत वाजला. सकाळी त्यांनी बॅटरी गुपचूप मोटारीत परत बसवली, आणि कोणी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

माझी ओटी भरली. बायका गळ्यात पडून रडल्या, मीही रडले. मावशीनं हात धरून मला मोटारीत बसवलं. ड्रायव्हरनं चावी फिरवली. कट्ट. पुन्हा फिरवली. पुन्हा कट्ट. सगळ्यांनी डोळे पुसले आणि आता काय, म्हणून उभे राहिले.

"बॅटरी बसली," ड्रायव्हर म्हणाला. "हँडल मारून सुरू कर ना गा," कोणी तरी म्हणालं. हँडल भंडाऱ्यालाच राहिलेलं. मग मामानं शोध लावला की भोंगेवाल्याजवळ दुसरी बॅटरी आहे. दुसऱ्या गावच्या लग्नासाठी त्यानं ती तणसाच्या ढिगात लपवून ठेवली होती, लबाडानं. ती ओढून काढली आणि भोंग्याच्याच तारेनं मोटारीच्या बॅटरीला जोडली. तार काय ती, सुतळीएवढी! चावी फिरवताच तारेतून धूर निघाला, रबर जळाल्याचा वास सुटला आणि ड्रायव्हर हात झटकत मागं सरला. शेवटी मोटारीची बॅटरी काढून भोंग्याचीच आत बसवली. एकदा घर्र झालं, दुसऱ्यांदा घर्र झालं आणि तीही बसली.

"गाणे वाजवाची बॅटरी हाय ते," भोंगेवाला म्हणाला, "मोटार नाही उचलत."

एवढं माहीत होतं तर आधी सांगायचं नाही का, बाप्पा! पण मी नवरी. नवरीनं तोंड उघडायचं नसतं.

मग ढकलणं सुरू झालं. आमच्या दारापुढं घोट्याएवढा फुफाटा. वऱ्हाडी रात्रीच्या पंगतीनं जडावलेले, मोटार दहा पावलं जायची आणि धुळीत रुतायची. शेजारच्या काकांनी नांगराचे बैल आणून बांधले. बैलांनी मोटार ओढली खरी, पण नांगर ओढावा तशी, एकेक पाऊल टाकत. ड्रायव्हर खाली उतरला.

"अशी नाही उठत गा. पळाली पाहिजे. पळता पळता गिअरात टाकली तरच उठते."

हे ऐकलं आणि सगळा मांडव आमच्या गोठ्याकडे पाहायला लागला.

गोठ्यात बाबांची जोडी होती. पटाची. आमच्याकडे हिवाळ्यात शंकरपट भरतात, बैलांच्या शर्यती. त्यात पळणारी ही पांढरी जोडी बाबांनी वासरं असल्यापासून वाढवली होती. तिला त्यांनी कधी नांगराला जुंपलं नाही, गाडीला जुंपलं नाही, धान मळायला चुरण्यालाही लावलं नाही. आम्हा लेकरांना अंडं सणासुदीला, बैलांना रोज. आणि पट आठ दिवसांवर आला होता.

बाबा पण गोठ्यातच होते. सकाळपासून. माझी ओटी भरली तेव्हा आले नाहीत, मी दारातून निघाले तेव्हा आले नाहीत. "बैलायले चारा घालून येतो," म्हणून गेले ते गेलेच. मोटारीत बसेपर्यंत मी मान वळवून वळवून पाहत होते. असा राग आला होता की काय सांगू! एकुलती एक पोरगी घर सोडून जाते आणि हा माणूस बैलांच्या पाठी चोळत बसतो. पाठवणी झालेल्या नवरीनं मोटारीतून उतरून पुन्हा उंबरठ्यात पाय ठेवू नये अशी रीत, नाही तर मीच जाऊन भांडले असते. बाबांना न भेटता मला जायचंच नव्हतं. मोटार सुरू होत नव्हती, ते त्या वेळी मला मनातून बरंच वाटत होतं.

मी काचेतून मायला हाक मारली. "माय, बाबाले सांग जोडी आण म्हणून."

"तुले येड लागलं का वं? आठ दिवसांवर पट हाय. काल इवायानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला त त्यायले राग आला."

"मंग सांग त्यायले, पोरीपेक्षा बैल मोठे असतीन त नोको आणू."

बोलले आणि जीभ चावली. पण माय गेलीच. ती बाई माझा निरोप गोडधोड करून थोडीच सांगणार! मी हिरवा चुडा मोजत बसले. बाहेर इवाई, म्हणजे माझे सासरे, आणि मामा भोंग्यावरून भांडत होते. ते भांडण कितपत चढलं मला माहीत नाही, माझे कान गोठ्याकडे होते.

घुंगरं वाजली.

बाबा जोडी घेऊन आले. मांडवातले सगळे बाजूला झाले, काकांनी आपले बैल सोडले. बाबांचे डोळे लाल होते. कोणी विचारायच्या आधीच म्हणाले, "कोंडा गेला डोळ्यात." माझ्याकडे पाहिलं नाही. मोटारीला बांधलेला दोर हातात घेऊन त्याला तीन-चार हिसके दिले, बंपर हलवून पाहिला. मग खांद्यावरचं आहेराचं नवंकोरं धोतर काढलं, त्याच्या घड्या केल्या आणि जुवाखाली बैलांच्या खांद्यावर घातल्या.

"अहो, नवं धोतर!" माय ओरडली.

"सोलन त त्यायचाच खांदा," बाबा म्हणाले.

ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, किती पळवायचं. तो म्हणाला, तलावाच्या पाळीपर्यंत. बाबा दोन्ही बैलांच्या मधे गेले, त्यांच्या कानात काही तरी बोलले, कासरा हातात घेतला आणि अशी काही आरोळी दिली की मी सीटवरून उडाले. पटाच्या मैदानात शेकडो लोकांच्या गलक्यात बैलांना ऐकू जायची ती आरोळी. बैल सुटले. मोटार फुफाट्यातून उसळत निघाली. बाशिंग माझ्या मांडीवर, नवरदेव दाराला घट्ट धरून, मागं अख्खं वऱ्हाड धावतंय. बाबा बैलांच्या बाजूनं अनवाणी पळत होते. लाखोळीचं शेत गेलं, ढिवरांची घरं गेली, जाळी सुकवत बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं गिअर टाकला. मोटारीनं एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला आणि धडधड करून उठली!

आवाजानं बैल बुजले. बाबा कासऱ्याला अक्षरशः लोंबकळले. नवरदेवानं उडी टाकून दोर सोडला आणि तोंडभर धूळ खाऊन परत आत आला. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलेटरवरून पाय उचलेना. "बॅटरीत जीव नाही, पाय काढला त बंद पडन," तो ओरडत होता.

बैल मामाच्या हाती देऊन बाबा काचेजवळ आले. धाप लागलेली. इंजिनाच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"झालं का तुह्या मनासारखं?"

"बाबा, तू आलाच नाही."

"आलो ना."

मग त्यांनी दारावर हात ठेवला. "आता जाय बाई. थांबली गाडी त पुन्हा नाही जुंपत मी. होत नाही माह्याच्यानं."

तेव्हा मी रडले. मागून माय धापा टाकत आली ती मला पाहून रडली, मावशी रडली, बाबांनी तर कोंड्याचं नावही काढलं नाही. मोटार निघाली. कारध्याचा पूल येईपर्यंत माझं रडणं थांबलं नाही, आणि वरठीच्या दारात मला उतरवेपर्यंत ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही.

अक्षय तृतीयेला मी पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा मायनं बाकीचं सांगितलं. धोतर घालूनही एका बैलाचा खांदा सोलून निघाला होता. बाबांनी जोडी पटाला नेलीच नाही. तीन वर्षं तयार केलेली जोडी! पट पाहायला मात्र एकटे गेले. लोकांनी विचारलं, "जोडी काहून नाही आणली गा?" तर म्हणाले, "आमची जोडी यंदा पळून झाली." मला ते यातलं काही बोलले नाहीत. मी गोठ्यात जाऊन त्या खांद्यावर हात फिरवला. तिथं नवे केस आले होते, जरा करड्या रंगाचे.

चार दिवसांनी मी परत निघाले. एस.टी. दिघोरीच्या फाट्यावर यायची, आमच्या गावापासून दोन मैल. बाबांनी गाडी काढली आणि तिला पटाची जोडी जुंपली. माय दारात तोंडाला पदर लावून पाहत राहिली. जोडी कासरा तोडायला पाहत होती आणि बाबा तिला मागं ओढून धरत होते. असे सावकाश निघालो की वाटेत एक म्हातारी आम्हाला मागं टाकून पुढं गेली.

"बाबा, बस चुकन ना!"

"भेटते भेटते. तू बस निवांत."

फाट्यावर पोचलो तेव्हा बसची फक्त धूळ उरली होती. पंचक्रोशीतली सगळ्यात वेगवान जोडी, आणि बस चुकली! मी काही बोलायच्या आत बाबांनी गाडी वळवली.

"उद्या जाय," ते म्हणाले, आणि कासरा सैल सोडला. घराकडे जाताना जोडी अशी पळाली की मला दोन्ही हातांनी गाडीच्या दांड्याला धरून बसावं लागलं.